काहीच न विचारणारी डिस्क

१

टाळ्या थांबल्या तसे ग्रंथपाल स्क्रीनवर वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले आणि म्हणाले, "झालं ते छानच झालं. पण माझे आवाज कुठे गेले?"

दालनात जमलेल्या मंडळींना वाटलं, काका नेहमीसारखी फिरकी घेतायत. दोघंतिघं हसलीसुद्धा. पण काका एकेक कप्पा उघडून पुन्हा पुन्हा शोधायला लागले तेव्हा हसू जागच्या जागी विरलं.

काकांचे आवाज म्हणजे ध्वनिमुद्रणं. शहरातल्या जुन्या माणसांना खुर्चीत बसवून, पुढ्यात पाण्याचा पेला ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं बोलतं केलं होतं. पूल खचला तेव्हा कोण कुठे होतं, पहिला दिवा कुठल्या चौकात लागला, असलं सगळं. त्यातली बरीच माणसं आता या जगात नव्हती. उरले होते ते त्यांचे आवाज, आणि ते याच संगणकाच्या दुसऱ्या हार्ड डिस्कमध्ये होते. आता तिथे दुसरी हार्ड डिस्क कोरी करकरीत दिसत होती.

कार्यक्रम होता नव्या डिस्कचा. वाचनालयाच्या शाखांमधले जुने संगणक कुरकुरत होते. त्यांच्यावर घालायला लिनक्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी आणि आपल्या सोयीने बदलावी अशी प्रणाली, कार्यशाळेतल्या नव्या मुलीने वाचनालयापुरती बेतून एका डिस्कवर बसवली होती. पुस्तकांची देवघेव, प्रिंटर, मुलांचे खेळ, सगळं आधीच आत. डिस्क घालायची, एंटर दाबायचं, चहा पिऊन यायचं, संगणक तयार. एंटर दाबायचा मान संचालकांना दिला होता. त्यांनी तो असा दाबला की जणू धरणाचे दरवाजे उघडतायत. संगणक तयार झाल्यावर ते खूश होऊन म्हणालेही होते, "अक्षरं पण किती मोठाली दिली आहेत बघा. वाचनालयाला शोभेलशी."

ती मुलगी, जिला सगळे अजून 'नवी' म्हणत, दारात पाहुण्यांना जागा करून देत होती. काकांचा प्रश्न ऐकला आणि ती खुर्च्यांमधून वाट काढत धावली, भिंतीतला प्लग उपटला. स्क्रीन काळी झाली.

"कुणी हात लावू नका," ती म्हणाली. "माझी डिस्क थांबते. कुठली हार्ड डिस्क पुसायची ते विचारते. विचारल्याशिवाय ती पुसतच नाही."

"आम्हाला काही विचारलं नाही बुवा," संचालक म्हणाले.

भिंतीशी उभ्या असलेल्या तपासणीबाईंनी हे सगळं पाहिलं. वाचनालयाच्या सगळ्या शाखांचा हिशेब आणि माणसांचा नीटनेटकेपणा तपासणं हे त्यांचं काम. नव्या मुलीचा चेहरा पांढरा पडताना पाहून त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते निराळंच. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी मिळावं तसं वाटलं, आणि तसं वाटल्याचा त्यांना जरा रागही आला.

तेवढ्यात दारातून उस्ताद आले. कार्यशाळेचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, आणि तपासणीबाईंचे यजमान. सुटे भाग आणायला बाजारात गेले होते म्हणे, कार्यक्रमाआधी परतायचे होते, उशीर झाला. डोळ्यांवर काळा चष्मा. काय झालं ते त्यांनी ऐकलं, तडक संगणकाजवळ गेले आणि त्याच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात फिरवला. स्क्रू जागच्या जागी होते.

"पत्रा कुणी काढला नव्हता?" त्यांनी हळूच विचारलं.

त्या प्रश्नाकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

२

संचालकांनी बाईंना खोलीत बोलावलं. नवी अजून कायम झाली नव्हती. आठवड्याअखेर तिच्या कागदावर सही व्हायची होती.

"चूक तिची असेल तर सही नाही, आणि उद्यापासून येणंही नाही," संचालक म्हणाले. "बाई, तुमच्यासारखी नजर कुणाची नाही. घरातलं घरात मिटवा."

बाईंनी मान डोलावली. नजर होतीच. अडचण एवढीच, की गेले काही महिने ती एकाच जागी खिळली होती. घरी जेवताना उस्तादांच्या तोंडी नवीशिवाय विषय नसायचा. नवीने आज काय केलं, नवीला हे कसं सुचलं, पूर्वी याला अर्धा दिवस लागायचा. हातातली पोळी तशीच राहायची. बाई वाढत जायच्या आणि मनातल्या मनात नोंद करत जायच्या. वर ती मुलगी त्यांना 'दादा' म्हणायची आणि बाईंना 'वहिनी'. दादा म्हणणाऱ्या मुलींवर बाईंचा कधीच फारसा विश्वास नव्हता. आडनावाने हाक मारणाऱ्या बऱ्या, त्यांचं अंतर तरी मोजता येतं. शिवाय उस्ताद हल्ली अधूनमधून दुपारचे कुठेतरी जायचे आणि विचारलं तर 'बाजारात' म्हणायचे. बाजारातून रिकाम्या हाताने येणारा माणूस बाईंनी याआधी पाहिला नव्हता.

कार्यशाळा म्हणजे इमारतीच्या मागची लांबट खोली. किल्ल्या तिघांकडे: उस्ताद, नवी आणि तिथे मदतनीस असलेला संचालकांचा भाचा. नवी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, जणू दाताच्या डॉक्टरकडे आली आहे.

"मला समजेल असं सांग," बाई म्हणाल्या. "डिस्क बनवतात कशी?"

नवी म्हणाली, दोन तऱ्हा आहेत. एक, मूळ डिस्क घ्यायची, नको ते काढायचं, हवं ते एकेक घालायचं, आणि संगणक बसवताना तो जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं आधीच आत लिहून ठेवायची. तिने तसं केलं होतं. फक्त हार्ड डिस्कच्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लिहिलं नव्हतं, ते माणसानेच द्यावं म्हणून. दुसरी तऱ्हा सोपी. आपण रोज वापरतो तो संगणक जसा आहे तसा त्याचा साचा काढायचा आणि तोच डिस्कवर उतरवायचा.

"मग सोपी का नाही केलीस?"

"साचा ज्याचा, सवयी त्याच्या, वहिनी. तुम्ही माउस कसा ठेवता, चित्र कुठलं लावता, सगळं बरोबर येतं. दुसऱ्याच्या चपला घालून फिरल्यासारखं होतं."

'वहिनी' ऐकून बाईंच्या कपाळावर आठी आली. दुसऱ्याच्या चपला घालायचा विषय निघालाच होता, पण त्यांनी तो गिळला आणि विचारलं, डिस्क बदलली गेली असेल का? नवी म्हणाली, अवघड नव्हतं. वाचनालयाचं नाव छापलेले गोल स्टिकर टेबलावरच पडलेले असतात. कुठल्याही डिस्कला लावले की ती तिच्या डिस्कसारखीच दिसणार.

बाईंनी टेबलांचे खण उघडायला सांगितलं. भाच्याच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्याखाली, एक डिस्क होती. वर गोल स्टिकर.

३

भाचा हा सुगंधी आणि घाईत असलेला तरुण होता. नवीच्या जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता. मामा संचालक असूनही जागा मिळाली नाही, हे त्याला जेवढं लागलं होतं त्याहून जास्त त्याच्या आईला लागलं होतं, आणि ती ते रोज सकाळी त्याला वाढत होती.

"माझ्यावर येणार हे मला ठाऊकच होतं," तो म्हणाला. "मला ती नवी आवडत नाही, कबूल. आल्या दिवसापासून सगळे तिची आरती ओवाळतात. पण आवाज कशाला पुसू? माझ्या आजोबांचाही आवाज आहे त्यात."

मग खणातली डिस्क? शेवटी कबुली बाहेर पडली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, सगळे जेवायला गेले असताना, त्याने नवीच्या पाकिटातली डिस्क काढून तिची जशीच्या तशी नक्कल केली होती. मित्रांना दाखवायला. मी बनवली म्हणून.

"दाखवलीस?"

"दाखवली."

"मग?"

"त्यांनी विचारलं, हे कसं केलंस. मला सांगता आलं नाही."

बाईंना त्याची थोडी कीव आली. त्यांनी त्याच्यासमोरच ती नक्कल एका मोडक्या संगणकात घालायला लावली. ती चालू झाली, थोडी पुढे गेली आणि अदबीने थांबली. कुठली हार्ड डिस्क पुसू, असं तिने विचारलं. नवी खरं बोलत होती. आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाकिटात खरीच डिस्क होती.

आता उरली ती कार्यक्रमात वापरलेली डिस्क. बाईंनी ती स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली होती. ती काढून त्यांनी नवीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "त्याच मोडक्यात घाल. माझ्यादेखत."

संगणक सुरू झाला. कुठेही न थांबता, काहीही न विचारता पुढे पुढे गेला, एखाद्या उद्धट पाहुण्याने थेट स्वयंपाकघरात शिरावं तसा. अखेर चित्र उमटलं. अक्षरं थोराड. त्यावर माउसचा बाण, तोही केवढा, लहान मुलाच्या हातातल्या पतंगाएवढा.

"हा तुझा साचा?" बाईंनी विचारलं.

नवी त्या बाणाकडे टक लावून पाहत होती. ओळखीचं माणूस अनोळखी गल्लीत दिसावं तशी. मग तिने मान खाली घातली.

"वहिनी, माझीच चूक असेल. गडबडीत चुकीची डिस्क आणली असेन. तुम्ही तसं लिहा."

४

हिशेब जुळला होता. बाईंना हवा तसाच जुळला होता. नेमकं तेच त्यांना खटकलं.

आयुष्यभर त्यांनी माणसांचे हिशेब पाहिले होते. खोटं बोलणारा माणूस चुकीचं उत्तर देतो, हे त्यांना नवीन नव्हतं. पण ही मुलगी आत्तापर्यंत स्वतःसाठी भांडत होती आणि एक बाण पाहून अचानक मान पुढे करून मोकळी झाली. स्वतःची मान कुणी उगीच देत नाही. ती कुणाच्या तरी मानेच्या बदल्यात देतात.

घरी जाताना त्या चालतच निघाल्या. डोक्यात तो बाण होता. मोठा बाण कुणाला लागतो? पहिलं नाव आलं ते ग्रंथपालांचं. त्यांच्या चष्म्याच्या काचा म्हणजे बाटलीचं बूडच. पण काकांना डिस्क बनवता येत नाही, आणि स्वतःचाच खजिना कोण जाळतो? शिवाय काकांना मोठी अक्षरं कशाला लागतील? त्यांना तर चष्मा आहे. चष्मा लावणाऱ्याला अक्षरं नेहमीचीच पुरतात. मोठी अक्षरं त्याला लागतात, ज्याला चष्मा लावायचा नसतो. ज्याला आपल्याला दिसत नाही हे कुणाला दिसू द्यायचं नसतं.

रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानापाशी, बाई थांबल्या.

आणि प्रश्न न विचारणं? हार्ड डिस्क कुठली, हे विचारायचं न सुचण्याइतका अडाणी माणूस असा साचा काढू शकत नाही. मग ते त्याला का सुचलं नाही? कारण त्याच्या कामात तो प्रश्न कधी आलाच नसेल. त्याच्यासमोर कायम एकच हार्ड डिस्क असेल.

असा एक माणूस त्यांना ठाऊक होता. कुठल्याही संगणकाला हात लावायच्या आधी तो बाजूचा पत्रा काढायचा आणि दुसऱ्या हार्ड डिस्कची केबल उपटून ठेवायचा. गॅसवरून दूध उतरवावं तितक्या सहज. कार्यशाळेत सगळे त्यावरून त्याची थट्टा करत. लग्नानंतर घरातला पहिला संगणकही त्याने असाच उघडला होता, आणि केबल बाईंच्या हातात देऊन म्हणाला होता, ही सांभाळ, जपून ठेवलंय ते हिच्या पलीकडे आहे.

'पत्रा कुणी काढला नव्हता?'

बाईंना पुढचा रस्ता कसा संपला ते कळलं नाही.

५

उस्ताद खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्र घडीतच होतं.

"आलीस? वाच ना," ते म्हणाले. "तुझ्या आवाजात बातम्यासुद्धा बऱ्या वाटतात."

गेल्या कित्येक महिन्यांपासून हे असंच चालू होतं. बाईंना ते आवडायचं. इतक्या वर्षांनी नवऱ्याला आपला आवाज आवडू लागला, या एका गोष्टीवर त्या नवीचे सगळे किस्से गिळत आल्या होत्या. त्यांनी वर्तमानपत्र उचललं, उलटं धरलं आणि त्यांच्यापुढे केलं.

"आज तुम्ही वाचा."

उस्तादांनी ते घेतलं. तसंच, उलटं. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आज जरा डोकं दुखतंय."

"अहो, उलटं आहे ते."

उस्तादांनी घाईने ते सुलटं केलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात होता ना दुपारचे?" बाई म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या दिवशी थेंब घातले. काही दिसेना. म्हणून काळा चष्मा, म्हणून उशीर. नाहीतर तुम्ही आधी येऊन केबल काढणार होतात."

उस्तादांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. सांगताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. पूर्वी कुठल्याही शाखेत गेलं की लोक खुर्ची पुसून द्यायचे, अर्धा दिवस भोवती उभे राहायचे. नवीची डिस्क आली आणि सगळं एका एंटरवर आलं. त्यांनाही डिस्क बनवायची होती. पण तिच्यासारखं एकेक ओळ लिहायला डोळे साथ देईनात. म्हणून स्वतःच्या संगणकाचा साचा काढला. ठरवलं होतं, आदल्या संध्याकाळीच तिच्या पाकिटात आपली डिस्क ठेवायची, कार्यक्रमात टाळ्या होऊ द्यायच्या, आणि मग हसत सांगायचं, ही तिची नव्हे, माझी.

"टाळ्या झाल्या," ते म्हणाले. "मी जिन्यात होतो. ऐकल्या मी त्या."

"म्हणजे रोज जेवताना तिचं कौतुक करत होतात ते..."

"कौतुक कसलं. जळत होतो."

बाई मटकन बसल्या. इतके महिने त्यांनी जे प्रेमाच्या खात्यात मांडलं होतं, ते भलत्याच खात्यातलं निघालं. एकाच ताटावर बसून दोघं जळत होते, एकाच मुलीवर, आणि एकमेकांना वाढत होते. त्यांना हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ आलं ते हसू नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत डोळ्यांचं?"

"तू सांभाळून घेतलं असतंस. मला ते नको होतं."

मग बाईंना एक गोष्ट आठवली, आणि सगळ्यात जास्त तीच टोचली. नवीने तो बाण ओळखला होता.

"तुमच्या संगणकावर बाण मोठा कुणी करून दिला?"

"नवीने," उस्ताद म्हणाले. ते पुरेसं होतं.

"सकाळी अकराला मी संचालकांकडे जाणार," बाई उठत म्हणाल्या. "त्याआधी तुम्ही गेला असाल तर मला काही सांगायची वेळ येणार नाही."

६

ते अकराच्या आधीच गेले. आत काय बोलणं झालं ते बाईंनी विचारलं नाही. बाहेर येताना मात्र उस्ताद ताठ होते, बिनचष्म्याचे आणि जिन्याचा कठडा घट्ट धरलेले. बरेच महिने लपवलेलं ओझं एका दिवसात खाली ठेवल्यासारखी त्यांची चाल हलकी नव्हती. खरं तर ती जड झाली होती, फक्त आता ते तसं कुणाला दिसायला घाबरत नव्हते. यापुढे त्यांनी एकट्याने कुठल्या संगणकाला हात लावायचा नाही, असं ठरलं. नवीच्या कागदावर सही झाली.

आवाज पूर्ण गेले नव्हते. नवीने वेळेवर प्लग उपटला होता. पुसली गेली होती ती वरवरची मांडणी, आतलं बरंचसं शाबूत होतं. तिने एकेक आवाज उकरून काढायला सुरुवात केली, आणि ग्रंथपाल शेजारी खुर्ची ओढून, कान लावून प्रत्येक आवाज ओळखू लागले. काही सापडले नाहीत. भाच्याचे आजोबा सापडले. ते खाकरून 'चालू झालं का हे?' एवढंच म्हणाले, आणि भाचा तोंड फिरवून खिडकीपाशी गेला.

बाईंनी नवीला एकटीला गाठलं.

"तू ओळखला होतास बाण. मग माझीच चूक म्हणून का सांगितलंस?"

"दादांनी शपथ घातली होती, वहिनी. डोळ्यांचं तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून." ती जरा थांबली. "मला वाटलं, मला दुसरी नोकरी मिळेल. त्यांना या वयात कुठून मिळणार?"

मुलगी चांगली होती. हीच तर खरी पंचाईत होती. वाईट असती तर बाईंचं काम किती सोपं झालं असतं. त्यांनी मनापासून आभार मानले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात एका बाजूने मायेचा होता. दुसऱ्या बाजूने म्हणत होता की हे आधी तुला कळलं, मला नंतर.

पुढच्या आठवड्यात नवीने डिस्क पुन्हा बेतली. आता ती सुरू होताच एक प्रश्न विचारते, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही: 'दुसऱ्या हार्ड डिस्कची केबल काढलीत का?' तो प्रश्न कुणाचा, हे शाखांमध्ये सगळे ओळखतात. पत्रा उघडायला आणि केबल चाचपून काढायला उस्तादच तिच्याबरोबर जातात. त्यांच्या बोटांना दिसतं.

संध्याकाळी घरी त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. "वाच ना. तुझा आवाज..."

"आवाजाचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "दिसत नाही म्हणा. मग वाचते."

उस्तादांना वेळ लागला. बाईंनी तो दिला.

"दिसत नाही," ते म्हणाले.

बाईंनी वर्तमानपत्र उघडलं, पहिल्या बातमीवर बोट ठेवलं, आणि वाचायच्या आधी म्हणाल्या, "आणि यापुढे काही दिसेनासं झालं, तर आधी मला सांगायचं. तिला नंतर."